नावं लिहायचीच असतील तर

पत्र

ताई, स. न. वि. वि.

आमच्या गावात अकरा बचत गट आहेत. त्यातल्या एका गटाची मी अध्यक्ष आहे, ग्रामसंघाचंही काम बघते. नऊ वर्षांत आमच्या गटाचा हप्ता कधी मागे राहिला नव्हता. या दिवाळीपासून तिघींचे हप्ते थकलेत. खोदून विचारल्यावर कळलं, एकीचा नवरा मोबाइलवरच्या रमीत अडकलाय, एकीचा दीर क्रिकेटच्या सट्ट्यात, आणि एकीचा पोरगा त्या विमानाच्या गेममध्ये. एकीनं शेळ्यांसाठी म्हणून गटातून चाळीस हजार उचलले. शेळ्या दावणीला आल्याच नाहीत.

बायका फार चिडल्यात. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या मिळून गावातलं दारूचं दुकान बंद करायला लावलं होतं, तसंच आताही काहीतरी करू म्हणतात. ठरलंय असं की खेळणाऱ्यांची नावं चावडीसमोरच्या फलकावर लिहायची आणि प्रत्येकी पाच हजार दंड लावायचा. फलक पेंटरकडे रंगवायला दिलासुद्धा. सरपंचांची ना नाही. शुक्रवारी बैठक आहे. आम्ही करतोय ते बरोबर आहे का? आणि शाळेतल्या पोरांना, मंडळाच्या पोरांना नेमकं काय सांगायचं?

– एक बचत गट अध्यक्ष, खानापूर तालुका, जि. सांगली

ता. क. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, एमआयडीसीत कामाला जातो. गेल्या महिन्यात त्याच्या फोनवर बँकेचे मेसेज दिसले. रात्री एक ते तीनच्या दरम्यान पाचशे, पाचशे, हजार, पाचशे असे गेलेले. मी त्याला विचारलेलं नाही. त्याच्या वडिलांना कळलं तर हात उगारतील. गटात तर कुणालाच बोलले नाही.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी थांबले. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच त्या चार ओळींत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नऊ वर्षं ज्या बायकांबरोबर तुम्ही दर आठवड्याला मांडीला मांडी लावून बसता, ज्यांची बाळंतपणं, आजारपणं, भांडणं तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांना तुम्ही मुलाचं सांगू शकला नाहीत. का? फलक रंगायला गेलाय म्हणून. सांगितलं तर त्यावरचं एक नाव तुमच्या घरचं असेल. तुम्ही अध्यक्ष आहात, धीराच्या आहात, दारूच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या आहात. तुमच्या तोंडून शब्द निघत नाही, तर ज्या घरात नवी सून आहे, ज्या घरात विधवा आई मुलाच्या पगारावर जगते, तिथून कसा निघेल? फलक अजून चावडीवर लागलाही नाही आणि त्यानं एक तोंड बंद केलंय.

म्हणून माझं मत सरळ सांगते. फलक लावू नका. दंडही नको. पाच हजारांचा दंड ज्याला बसेल, तो ते पाच हजार आणणार कुठून? एक तर बायकोच्या अंगावरून, नाहीतर परत त्याच खेळातून.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते आणि मटका खेळायचे. तो काळच तसा होता. मटक्याची सुरुवात कापसाच्या भावावरून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईत येणाऱ्या उघडत्या-मिटत्या भावांवर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो मार्ग बंद झाला, तेव्हा १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच राहिले. गिरणीच्या दारात चिठ्ठ्या घेणारे उभे असायचे. आमच्या चाळीत कोण कोण खेळतो हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी बोलायचं नाही. आईला कळलं ते वाण्याकडची उधारी तीन महिन्यांची झाली तेव्हा. तिनं बांगड्या मोडल्या, उधारी फेडली आणि कुणाला काही सांगितलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा काहीतरी मोडलं. माझी आई खूप शहाणी बाई होती, पण तिला वाटलं की हे घराबाहेर जाऊ न देणं हीच आपली जबाबदारी. अकरा वर्षं ती एकटी ओझं वाहत होती. शेजारच्या दोन खोल्यांतल्या बायका तेच ओझं वाहत होत्या, हे तिला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिघी एकाच नळावर पाणी भरायच्या.

तुमच्या गावात आज हेच चाललंय असं मला वाटतं. तुम्हाला तीन घरं कळली, कारण तिथे हप्ता थकला. ज्यांनी दागिना मोडून हप्ता भरला, ती घरं तुम्हाला अजून कळलेली नाहीत.

दारूशी तुलना तुम्ही केलीत, ती समजू शकते. पण दोन्हींत मोठा फरक आहे. दारूचं दुकान एका जागी असतं, त्याला कुलूप लावता येतं. प्यायलेल्या माणसाच्या तोंडाला वास येतो, पाय लटपटतात. खेळणाऱ्याला वास येत नाही. तो वेळेवर कामावर जातो, जेवतो, हसतो, आणि गोधडीत फोन घेऊन पहाटेपर्यंत जागतो. बाहेरून दिसतात त्या खुणा बारीक असतात: आंघोळीलाही फोन बरोबर नेणं, पगाराच्या आठवड्यातच उसने मागणं, सामना चालू असताना उगाच चिडणं, घरातल्या लहान वस्तू नाहीशा होणं, एका मित्राचं फेडायला दुसऱ्याकडून घेणं. अशी लपलेली गोष्ट धाकानं आणखी खोल जाते. तिला वर आणायचं तर बोलणं सोपं व्हायला हवं.

आणि हा नुसता नाद किंवा चैन नाही, हे गटातल्या बायकांना नीट सांगा. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत जुगाराच्या विकाराला स्थान दिलेलं आहे, दारू आणि मादक पदार्थांच्या व्यसनांच्या शेजारी. थोडक्यात हुकलेला डाव माणसाला हरल्यासारखा वाटत नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखा वाटतो. मेंदूच्या तपासण्यांमध्येही दिसलंय की जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच असं थोडक्यात हुकल्यावरही होतात. त्या विमानाच्या खेळाची मांडणी याच पायावर आहे. विमान वर चढतं, आकडा वाढतो, ‘अजून एक क्षण थांबलो असतो तर’ असं वाटतं किंवा ‘एक क्षण आधी काढले असते तर’ असं वाटतं. कसंही झालं तरी बोट पुन्हा तिथेच जातं. शिवाय सुरुवातीला दोन-चारशे रुपये खरोखर खात्यात येतात. तो पहिला फायदा पोरगा विसरत नाही. पुढे खेळतो तो श्रीमंत होण्यासाठी नाही, गेलेले परत आणण्यासाठी. ‘एकदा निघाले की सोडतो’ हे वाक्य तुमच्या मुलाच्या तोंडून येईल. ते खोटं नसतं, त्याला मनापासून तसंच वाटत असतं. म्हणूनच त्यावर विसंबू नका.

आता मुलाशी कसं बोलायचं ते.

शुक्रवारच्या आधी बोला. वडील घरी नसताना, जेवणाच्या ताटावर नको. जेवताना मान खाली असते आणि पोरगा उठून जातो. त्याच्या गाडीवर मागे बसून शेताकडे जा, किंवा वैरण आणताना बोला. हाताला काम असलं की तोंड उघडतं. ‘किती घालवलेस?’ हा पहिला प्रश्न नको. त्याचं उत्तर हमखास खोटं मिळतं, आणि एकदा खोटा आकडा बाहेर पडला की पुढे तो आकडा सांभाळण्यातच त्याची शक्ती जाते. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा: “मी मेसेज बघितले. रात्री झोपत नाहीस. मला भीती वाटते तुझी. रागवायला नाही आले.” आणि मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड आहे, आईला तर फारच. तो पहिल्यांदा नाही म्हणेल, चिडेल, ‘मित्राला पाठवले’ म्हणेल. वाद घालू नका. “बरं. पण कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे, आणि वडिलांना तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही,” एवढं म्हणून परत या. पुष्कळ मुलं मग स्वतःहून येतात.

एक प्रश्न मात्र टाळू नका. कर्जाचा डोंगर झालेल्या पोराला, माणसाला थेट विचारा, “जीव द्यावासा वाटतो का रे कधी?” असं विचारल्यानं तो विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे. उलट विचारलं की सुटका झाल्यासारखं होतं, इतके दिवस एकट्यानं धरून ठेवलेलं कुणीतरी हातात घेतं. उत्तर ‘हो’ असं आलं किंवा नुसते डोळे भरून आले, तर त्याला एकटं सोडू नका. घरातलं तणनाशक, कीटकनाशक त्याच दिवशी कुलपात जाऊ दे किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन त्यानंच केला पाहिजे असं नाही, तुम्हीही करू शकता.

त्याच्या वडिलांना कधीतरी सांगावं लागेल, पण पहिल्या दिवशी नाही आणि तुम्ही एकटीनं नाही. तुमचे भाऊ आहेत का? मामाचं भाचे बरंच ऐकतात आणि वडीलही मेव्हण्यासमोर हात आवरतात. आधी मामाला विश्वासात घ्या, मग तिघं मिळून वडिलांना सांगा.

पैशाबद्दल माझं सांगणं कदाचित कठोर वाटेल. त्याचं सगळं कर्ज एकरकमी फेडू नका. माझ्या आईनं बांगड्या मोडून हेच केलं होतं. कर्ज एका फटक्यात गेलं की त्याच्या मनावरचं ओझं उतरतं, पण सवय तिथेच असते, आणि उतरलेल्या ओझ्यानं पुन्हा खेळायला मोकळीक मिळते. आधी वहीत लिहायचं. त्यानं लिहायचं, तुम्ही शेजारी बसायचं. कुणाचे किती, कधी घेतले, व्याज काय. पहिल्या बैठकीत यादी पुरी होत नाही. दोन नावं हमखास मागे राहतात, बहुतेक त्यातलं एक सर्वांत मोठं असतं. आठवड्यानं पुन्हा बसा. मग पगारातून हप्ते पाडा, ज्याचं देणं आहे त्याच्या हातात थेट पैसे द्या, मुलाच्या हातात रोख नको. तो सज्ञान आहे, त्याच्या संमतीशिवाय हे चालणार नाही आणि चालवूही नये. पण तो तयार असेल तर बँकेत जाऊन त्याच्या खात्यावरची यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या. टेलिग्रामवरचे सट्ट्याचे ग्रुप, ‘आयडी’ म्हणजे खेळायचं खातं काढून देणाऱ्या पोराचा नंबर, सगळं त्यानं तुमच्यासमोर काढून टाकावं. फोनच काढून घेऊ नका. कामाला लागतो, आणि हिसकावलेल्या फोनच्या जागी दुसरा यायला दोन दिवस लागतात.

देणं कुणाचं आहे यावरही बरंच अवलंबून आहे, आणि हे गटातल्या सगळ्या बायकांना कळायला हवं. सट्टेवाल्याची उधारी असेल तर घाबरू नका. पैजेचा करार कायद्याच्या लेखी करारच नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार त्या पैशासाठी कोर्टात दावा टिकत नाही. तो दमदाटी करू लागला तर तक्रार त्याच्यावर होते. परवाना नसलेल्या सावकाराकडून घेतले असतील, जमिनीचा कागद लिहून घेतला असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कचेरीत अर्ज करता येतो. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी फोटो पसरवायची, नातेवाइकांना फोन करायची धमकी दिली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. या धमकीला घाबरून पोरं जिवाचं बरंवाईट करून घेतात. ‘फोटो पसरले तर पसरले, आम्ही तुझ्या बाजूचे आहोत’ हे घरच्यांनी आधीच सांगून ठेवलं तर त्या धमकीत दम उरत नाही.

ज्या बाईच्या शेळ्या आल्या नाहीत, तिच्याबद्दल मला वेगळं सांगायचंय. तिनं गटाला फसवलं असं बैठकीत म्हटलं जाईल. चाळीस हजार तिनं कुणासाठी, कुणाच्या धाकानं उचलले, हे कुणी विचारलंय का? तिला शुक्रवारी सगळ्यांसमोर उभं करू नका. तुम्ही आणि आणखी एक जण तिच्या घरी जा, तो माणूस घरात नसताना. मार आहे का, ते बघा. हप्ता पाडून द्या, लहान का असेना, पण चालू राहू दे, कारण गटातून नाव गेलं तर तिचा गावातला शेवटचा आधार जाईल. मात्र त्या घरात नवं कर्ज देताना रोख देऊ नका. वस्तू गटानं घ्यायची. शेळी गटानंच बाजारातून आणून तिच्या दावणीला बांधायची.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण बैठकीत ‘पोलिसांत देऊ’ असं कुणीतरी म्हणेलच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. मला या कायद्यातली ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. संसदेनं ज्याला गुन्हेगार ठरवलं नाही, त्याला तुमच्या चावडीनं ठरवू नये. मटक्याच्या अड्ड्याची गोष्ट निराळी आहे, तिथे १८८७ चा जुना जुगारबंदी कायदा अजून लागू आहे आणि अड्ड्यावर सापडणाराही त्यात येतो. नव्या कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, पण परदेशातून चालणारे अ‍ॅप आणि गावात ‘आयडी’ विकणारी पोरं गेलेली नाहीत. पोलिसांकडे नाव द्यायचं तर त्या आयडी विकणाऱ्याचं आणि त्याच्या वरच्याचं द्या. गावात तो कोण आहे हे सगळ्या पोरांना माहीत असतं. एक सांगू का, गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, पण त्याच सरकारनं फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या स्थानिक लोकांना आत जायला बंदी घातली. धंदा चालू ठेवणाऱ्यालाही आपल्या घरच्या माणसाची काळजी वाटते, एवढं हे घातक आहे.

शाळेत काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत. सांगू नका, खेळून दाखवा. नववी-दहावीच्या वर्गात दहा मुलं बसवा, प्रत्येकाला वीस चिंचोके द्या. म्हणजे एकूण दोनशे. शून्य ते नऊ असे दहा आकडे दहा जणांत वाटा. दर फेरीला प्रत्येकानं एक चिंचोका लावायचा, डब्यातून एक चिठ्ठी काढायची, ज्याचा आकडा त्याला नऊ चिंचोके. मटक्याचा भाव साधारण असाच, रुपयाला नऊ. दहा गोळा होतात, नऊ दिले जातात, एक बाईंच्या वाटीत. वीस फेऱ्या करा. वाटीत बरोबर वीस चिंचोके येतील, ना कमी ना जास्त, आकडा कुणाचाही लागो. एखाद्या मुलाकडे छत्तीस-पंचेचाळीस असतील, बहुधा एखाद्याकडे एकही नसेल. मग मुलांना विचारा, तुम्ही सगळे वेळ कुणाकडे बघत होतात? सगळी पोरं ज्याच्याकडे सर्वांत जास्त आहेत त्याच्याकडे बघत असतात. वाटीकडे कुणी बघत नाही, आणि ज्याचे संपले त्याच्याकडेही नाही. गावातही असंच होतं. ‘अमक्याला आयपीएलमध्ये पन्नास हजार लागले’ हे चार गावांत पसरतं, ‘तमक्याचे दीड लाख गेले’ हे त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. हे एकदा हातात चिंचोके घेऊन पाहिलेलं पोरगं पुढे टपरीवरच्या गप्पा वेगळ्या कानानं ऐकेल. जुगार वाईट, असं फळ्यावर लिहून मुलं सुधारली असती तर आपल्याला आणखी काही करावंच लागलं नसतं.

मंडळाच्या पोरांशी मोठ्यांनी नाही, त्यांच्यातल्याच कुणीतरी बोलायला हवं. पण एक गोष्ट गावानं ठरवायला हरकत नाही. गणपतीत जागरणाच्या नावाखाली मंडपात तीन पत्ती चालते. दहा-दहा रुपयांनी सुरू होते, पहाटेपर्यंत शंभराच्या नोटा पडतात, आणि कडेला आठवीतली पोरं बसून बघतात. अनेक पोरांचा पहिला डाव बाप्पासमोरच झालेला असतो, हे मी समोर बसून ऐकलेलं आहे. मंडपात पैशाचे पत्ते नाहीत, आणि गावच्या क्रिकेट स्पर्धेला, जर्सीला, बॅनरला पैशाच्या खेळाच्या अ‍ॅपची जाहिरात नाही, एवढा ठराव ग्रामसभेत करा. यात कुणाचं नाव येत नाही, आणि लहान पोरांना गावाची भूमिका कळते.

सगळं गाव मिळून काही करू शकतं का, अशी शंका कुणी काढली तर तुमच्याच शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं सांगा. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. त्यांनी ते जुगारासाठी केलेलं नाही. पण बघा, तिथे मोबाइल जास्त बघणाऱ्या घरांची यादी लावून हे झालं नाही, सगळ्यांनी एकाच वेळी फोन ठेवला म्हणून झालं.

तुमच्याकडे तर आणखी मोठी गोष्ट तयार आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९५७ साली जुगार सोडू पाहणारी माणसं आठवड्याला एकत्र बसून एकमेकांना आपलं सांगू लागली. त्यातून पुढे देशोदेशी असे गट झाले. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचाही वेगळा गट भरतो. सगळ्यांच्या मुळाशी एकच साधी गोष्ट आहे: ठरलेल्या दिवशी बसायचं आणि जे खरं आहे ते बोलायचं. बचत गटाच्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र तरी काय आहे? नियमित बैठक. महिन्यातून एका बैठकीत वह्या मिटल्यावर अर्धा तास याच्यासाठी ठेवा. नवऱ्याचं, दिराचं, पोराचं ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, ऐकलेलं बाहेर जाणार नाही अशी शपथ घ्या, आणि सल्ले देण्याची घाई करू नका. पहिल्या दोन-तीन वेळा कुणीच बोलणार नाही. कुणीतरी सुरुवात करावी लागेल. ती तुम्ही करावी असं माझं म्हणणं आहे, पण मुलाशी बोलणं झाल्यावर आणि त्याला विचारून. त्याचं नाव न घेताही “माझ्या घरातही आहे” एवढं म्हणता येतं. अध्यक्षच असं म्हणाली की बाकीच्यांना जागा होते.

बरं व्हायला वेळ लागतो. पाय घसरतो, तीन महिने कोरडे जातात आणि चौथ्यात पुन्हा एक रात्र. तेव्हा ‘सगळं वाया गेलं’ असं कुणी म्हणू नका. पहिल्या वेळी सहा महिन्यांनी कळलं होतं, या वेळी दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः सांगितलं, तर ती पुढची पायरी आहे. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सांगलीच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय कुठल्या दिवशी असते ते आशाताईंना विचारून ठेवा. कधीकधी औषधांचीही गरज पडते, कारण खेळामागे नैराश्य दडलेलं असतं.

फलक रंगून तयार असेल, पैसेही दिले असतील. तो परत करू नका. त्यावर नावं लिहायचीच असतील तर ऐकणाऱ्यांची लिहा. गावातली चार-पाच माणसं निवडा: एखादी आशाताई, एखादे शिक्षक, मंडळातला एखादा शहाणा पोरगा, एखादी आजी, जिच्यापाशी सगळे मन मोकळं करतात. त्यांना आधी विचारा, त्यांची तयारी असली तर नाव घाला. वर मोठ्या अक्षरात लिहा, ‘खेळात पैसे गेलेत? घरी सांगायची भीती वाटते? यांच्याकडे या.’ खाली १४४१६ आणि १९३०. पेंटरला तेवढाच मजकूर बदलायला सांगायचाय, शुक्रवारपर्यंत होईल.

पण तो शुक्रवारी नाही लागला तरी चालेल. आधी मुलाबरोबर शेतावर जाऊन या.